पांढऱ्या झेंड्याचे वाफे

धर्मराजांनी लाल झेंड्याच्या वाफ्यातलं भुईमुगाचं एक रोप मुळासकट उपटलं, पांढऱ्या झेंड्याच्या वाफ्यातलं एक उपटलं, दोन्ही पाटाच्या पाण्यात धुतली आणि बांधावर शेजारी शेजारी ठेवली. मग चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. तेवढ्यात कुठलं रोप कुठल्या वाफ्यातलं हेच विसरले, म्हणून दोन्ही म्हशीला टाकली आणि नवी दोन उपटली.

या वेळी लाल वाफ्याचं डाव्या हातात धरलं, पांढऱ्याचं उजव्या, आणि हात अजिबात हलवायचे नाहीत असं स्वतःला बजावलं. दोन्हींची मुळं टिचभर. दोन्हींच्या मुळांवर मोहरीएवढ्या गाठी, सारख्याच दाट. एकेक गाठ नखानं फोडून बघितली तर दोन्ही आतून गुलाबी. गाठ गुलाबी असली की आतले जिवाणू कामावर आहेत असं समजायचं, हे लेकीनं शिकवलं होतं. म्हणजे दोन्हीकडचे जिवाणू इमानेइतबारे कामावर होते, आणि घोळ नेमका हाच होता. पांढऱ्या वाफ्यातल्यांनी एवढं कामावर असायचं काही कारणच नव्हतं.

वाफे एकूण आठ. एकाच ओळीत, एकाच मापाचे. एक लाल झेंडी, एक पांढरी, पुन्हा लाल, पुन्हा पांढरी, अशी जत्रेतल्यासारखी मांडणी. लाल झेंडीच्या चार वाफ्यांना दर पंधरा दिवसांनी ह्युमिकचं, म्हणजे माती सुधारायच्या काळ्या औषधाचं, पाणी द्यायचं. पांढऱ्या झेंडीच्या चारांना साधं पाणी, बाकी काही नाही. धर्मराजांची लेक अक्षरा धारवाडला शेतीच्या विद्यापीठात एम.एस्सी. करत होती आणि हा तिचा प्रबंधाचा प्रयोग होता. ह्युमिकच्या काळ्या पाण्यानं मातीतले जिवाणू वाढतात का, आणि ते वाढल्यानं पीक सुधारतं का, एवढाच तिचा प्रश्न. त्याचं उत्तर लाल आणि पांढऱ्यातल्या फरकात होतं, आणि फरक तर काही दिसत नव्हता. अक्षराच्या मार्गदर्शक मॅडम बुधवारी वाफे बघायला येणार होत्या. आज शनिवार होता.

दुसऱ्या कुणाच्या रानात हा प्रयोग केला असता तर एवढी काळजी नव्हती. अक्षरानं हौसेनं आपलंच रान निवडलं होतं, आणि त्याचं कारण होतं तिचे आप्पा. धर्मराज निपाणीच्या एका हायस्कुलात एकतीस वर्षं प्रयोगशाळेत अटेंडर होते. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एका बाटलीचं लेबल दुसरीला लागलं नाही. नवे सर यायचे, जुने बदलून जायचे, पण कुठलं आम्ल कुठल्या फळीवर हे विचारायला सगळे धर्मराजांकडेच यायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी गावाकडच्या दीड एकरात लक्ष घातलं, तेही प्रयोगशाळेसारखंच. खुरपं खिळ्याला, फावडं कोपऱ्यात, आणि प्रत्येक गोष्टीची रजिस्टरात नोंद. अक्षरा धारवाडला जाताना मॅडमना फोनवर म्हणाली होती, "आमचे आप्पा आहेत, मॅडम. मी नसले तरी एक थेंब इकडचा तिकडे होणार नाही." हे वाक्य धर्मराजांनी शेजारून ऐकलं होतं, आणि ते दोन दिवस ताठ मानेनं चालत होते.

आता ती मान खाली गेली होती. पहिल्यांदा त्यांना संशय आला तो औषधाचा. ह्युमिकचे काळे चकचकीत तुकडे पुडीत आले होते. पाण्यात टाकले की पाणी काळ्या चहासारखं व्हायचं. दुकानदारानं नुसता रंग तर दिला नाही ना? पण ती पुडी दुकानातली नव्हतीच, अक्षरानं विद्यापीठातून तपासून आणली होती. शिवाय लाल वाफे काही मरतुकडे नव्हते, चांगले तरारलेले होते. पांढरेही तेवढेच तरारलेले होते, एवढंच दुखणं.

मग संशय भरमूवर गेला. भरमूचं रान वरच्या अंगाला, त्याच्या उसाला खतपाणी चालू. तिकडचं पाणी झिरपून पांढऱ्या वाफ्यात येत असेल. धर्मराज त्याच्या बांधावर जाऊन वाकून वाकून ओल बघू लागले.

"आण्णा, काय हरवलंय काय?" भरमूनं विचारलं.

"तुझं पाणी आमच्यात उतरतंय काय बघतोय."

"उतरलं तर समद्या वाफ्यांत उतरंल की. माझं पाणी काय झेंडं बघून जातंय व्हय?"

 धर्मराज परत आले. येताना त्यांना वाटलं, झेंडेच कुणी बदलले नसतील ना? पण काठ्या त्यांनी स्वतः हातभर खोल ठोकल्या होत्या आणि प्रत्येकीच्या बुडाशी तेलरंगानं आकडा घातला होता. आकडे जागच्या जागी होते. रजिस्टर काढलं. मुळाशी द्रावण ओतायची पाच वेळची आळवणी, पाच रविवार, पाच नोंदी. 'लाल वाफे : ह्युमिक द्रावण, प्रत्येकी दोन लिटर. पांढरे वाफे : काही नाही.' खाली धर्मराजांची झोकदार सही. अक्षर मोत्यासारखं, खाडाखोड एक नाही. रजिस्टर एवढं स्वच्छ होतं की त्याचाच त्यांना राग आला.

अक्षरा रविवारी सकाळच्या बसनं आली. तिला काही बोलायच्या आधीच तिनं फावडं मागितलं. प्रत्येक वाफ्यात तिनं पांढऱ्या सुती कापडाचा एकेक चौकोन जाळीच्या पिशवीत घालून वीतभर खोल पुरला होता, चाळीस दिवसांमागं. कापड म्हणजे मातीतल्या जिवाणूंचं खाणं. जिथं जिवाणू जास्त, तिथं कापड जास्त खाल्लेलं. हा हिशेब धर्मराजांना फार आवडला होता. यात काचेच्या नळ्या नाहीत, भिंग नाही, कापड बघितलं की कुणालाही कळावं.

लाल झेंडीचं पहिलं कापड निघालं. मातकट, विरलेलं, मधे दोन रुपयाएवढी भोकं. अक्षराचा चेहरा खुलला. मग शेजारचं पांढऱ्या झेंडीचं निघालं. ते कापड नव्हतंच म्हणायला हवं. कडेची शिवण तेवढी शिल्लक, मधे जाळं. उचलायला गेलं तर हातात राहिलं नाही.

आठही काढली. लाल वाफ्यांतली चार अर्धी खाल्लेली, पांढऱ्यांतली चार जवळजवळ संपलेली. ज्यांना काही दिलं नाही त्यांनी जास्त खाल्लं होतं. अक्षरा वाफ्याच्या काठावर उकिडवी बसली आणि कापडाचे तुकडे पुन्हा जुळवून बघू लागली.

"आप्पा," ती शेवटी म्हणाली, "राग मानू नका. कधी चुकून पांढऱ्यात घातलं गेलं का?"

"न्हाय."

"एखाद्या वेळी? घाईत?"

"अगं, मी कवा घाई केल्याली बघितलीस?"

ती फावडं धुवायला उठली, पण तिनं विचारलं होतं. तो प्रश्न धर्मराजांच्या काळजात रुतून बसला. त्या दिवशी त्यांना भाकरी गोड लागली नाही. त्यांचं वय चौसष्ट. मागच्या महिन्यात स्कूटरची किल्ली स्कूटरलाच ठेवून सगळं घर धुंडाळलं होतं. परवा भरमूच्या धाकट्याला त्याच्या थोरल्याच्या नावानं हाक मारली. काल उपटलेली रोपं कुठली ते पाच मिनिटांत विसरले. हे सगळं आधी विनोदी वाटत होतं. आता एकेक आठवून ते ओळीनं मांडू लागले. आपण पांढऱ्या वाफ्यांना काळं पाणी घातलं असेल, पाचही वेळा घातलं असेल, आणि घरी येऊन मोत्यासारख्या अक्षरात 'काही नाही' लिहिलं असेल. असं होऊ शकतं का? ज्याचं डोकं जातं त्याला ते गेल्याचं कुठं कळतं?

दोन दिवस ते घरात कुणाशी धड बोलले नाहीत. वाफ्यांकडेही फिरकले नाहीत. लक्ष्मीबाई, त्यांची बायको, येता जाता त्यांच्याकडे बघत होती. तिनं दोनदा विचारलं, "काय झालंय?" दोनदा ते म्हणाले, "काय न्हाय." रजिस्टरातलंच उत्तर त्यांनी दिलं.

मंगळवारी सकाळी घरामागच्या परड्यात अक्षरा दात घासत होती, तेव्हा धर्मराज तिच्याजवळ गेले आणि पाठ केल्यासारखं बोलले.

"उद्या मॅडम आल्या की मी सांगतो. चूक माझी हाय म्हणून. मीच घातलंय."

"आठवलं का तुम्हाला?"

"आठवत न्हाय. तेच सांगतोय. मला आठवत न्हाय, पर दुसरा कोण घालणार? माझं डोस्कं कामातनं गेलंय, पोरी. बेळगावला दाखवून घेऊ. तुझं वरीस माझ्यापायी..."  त्यांना रडू येत होतं आणि परड्यात म्हैस आणि लेक दोघी बघत होत्या.

लक्ष्मीबाई गोठ्यात शेण भरत होती. तिनं पाटी खाली ठेवली, हात धुतले, पदराला पुसले आणि मग समोर आली.

"तुमचं डोस्कं जाग्यावर हाय," ती म्हणाली. "मी घातलंय."

अक्षरानं घाईनं चूळ भरली.

"तुमी ऐतवारी लाल वाफ्यास्नी घालायचा. मी सोमवारी पांढऱ्यास्नी घालायची. तुमी निपाणीला पेपर वाचाय गेला की."

"ह्युमिक? पुडी तर माझ्या कपाटात हाय."

"तुमची पुडी कशाला? उकिरड्याच्या तळाचं जुनं खत हाय की. तीन वर्सं कुजल्यालं, पार काळं. रातभर बादलीत भिजवायचं, जुन्या लुगड्यातनं गाळायचं. तुमच्या पाण्यागतच काळं दिसतंय. एका वाफ्याला दोन तांबे."

धर्मराजांना पहिल्यांदा झाला तो निव्वळ आनंद. डोकं जाग्यावर होतं. एकतीस वर्षांची लेबलं जाग्यावर होती. तो आनंद पुरता भोगायच्या आतच त्यांना संताप आला, आणि संतापाच्या मागोमाग पुन्हा गोंधळ. या बाईनं प्रयोगाचं वाटोळं केलं होतं आणि हिच्या चेहऱ्यावर चोरी पकडल्याचा एक भाव नव्हता.

"अगं, पांढऱ्यास्नी काय घालायचं न्हाय म्हणून तर पांढरी झेंडी लावली. ते तुला म्हाईत नव्हतं?"

"म्हाईत हुतं."

"मग?"

लक्ष्मीबाई धर्मराजांकडे न बघता लेकीकडे बघून बोलू लागली.

"मी आठ-नऊ वर्सांची असंन. आमची आई पाटलाच्या वखारीत तंबाकू निवडायची. त्येंच्या पोरीचं लगीन हुतं, समद्या कामवाल्यास्नी जेवायला बलिवलं. आमास्नी गोठ्याच्या अंगाला बसिवलं, पर पंगत एकच, अंगणातनं वळून आमच्यापतोर आल्याली. मी वाकून बगत हुती. बुंदीची पाटी येत हुती. एकेकाच्या पानावर पडत हुती. आमच्या शेजारच्या पानापतोर आली आन् वाढणारा माघारी फिरला. आमास्नी भात-आमटी वाढली. आई म्हणली, गप जेव. मी जेवली. पर वास येत हुता की, शेजारच्या पानावरनं."

तिनं हात पुन्हा पदराला पुसले.

"तुमी लाल वाफ्याला पाणी घालाय लागला की मला त्ये दिसायचं. एकाच वळीत बसिवल्यात. ह्येला घातलं, त्येच्या शेजारच्याला न्हाय. ह्येला घातलं, त्येला न्हाय. मला न्हाय बघवलं."

"आई," अक्षरा म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "ती माती आहे. तिला काय कळतंय शेजारच्याला दिलं का नाही?"

"तूच म्हणलीस की, मूठभर मातीत कोट्यानं जीव हाईत. ते खात्यात, वाढत्यात, मरत्यात. तूच सांगितलंस मला, ह्याच परड्यात बसून. मग उपाशी कोण ऱ्हायलं?"

अक्षरा आत निघून गेली. धर्मराजांना लेकीच्या मागं जावं की बायकोजवळ थांबावं हे कळेना, म्हणून ते म्हशीला वैरण टाकायला गेले. वैरण आधीच टाकलेली होती.

बुधवारी मॅडम आल्या. हिरेमठ मॅडम धारवाडच्या, मराठी बोलायच्या पण कन्नड वळणानं. अक्षरानं त्यांना चहाच्या आधी सगळं सांगून टाकलं. काहीही लपवलं नाही, आईचं नावसुद्धा. धर्मराज दारात उभे होते. मॅडम आता काय म्हणतील या भीतीनं त्यांनी हात मागं बांधले होते, हेडमास्तरांपुढं बांधायचे तसे.

मॅडमनी कापडं बघितली. मुळं बघितली. उकिरड्यात हात घालून तळाचं खत काढून हातावर चोळलं, वास घेतला. मग लक्ष्मीबाईलाच प्रश्न विचारू लागल्या. किती दिवस भिजवलं? किती पाण्यात? गाळून घेतलं की तसंच? लक्ष्मीबाईला सगळं पाठ होतं. दोन तांब्यांच्या वर एक घोट इकडचा तिकडे झाला नव्हता. हे ऐकताना धर्मराजांना बायकोचा अभिमान वाटला आणि असा अभिमान वाटावा की नाही, याचाही घोळ झाला.

"तुमचं पाणी पण ह्युमिकच हाय री आई," मॅडम म्हणाल्या. "शेण तीन वर्ष कुजलं की त्याच्यात तेच तयार होतंय. पुडीतलं खाणीतनं काढतात. वरनं तुमच्या पाण्यात जिते जिवाणू पण होते, म्हणून कापड एवढं खाल्लं असंल. असंल म्हणते मी. नक्की नाही सांगता येत."

"म्हंजी माझं चांगलं?" लक्ष्मीबाईनं विचारलं.

"ते पण नाही सांगता येत. काहीच न घातलेला वाफा कसा आला असता, ते आपल्याला माहीत आहे का? नाही. कदाचित ही माती आधीच चांगली असंल आणि कशाचाच काही उपयोग झाला नसंल. ताडून बघायला रिकामा वाफा एकपण राहिला नाही."

लक्ष्मीबाई विचारात पडली. हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. उपाशी ठेवायचं ते काहीतरी कळावं म्हणून, हे तिला कुणी या शब्दांत सांगितलं नव्हतं.

"मग आता पोरीचं?"

मॅडमनी अक्षराकडे बघितलं. अक्षराच म्हणाली, "पुन्हा घ्यायचं. पुढच्या हंगामात, पहिल्यापासून. जुलैत प्रबंध द्यायचा होता तो आता पुढच्या वर्षी." तिनं ते शांतपणे सांगितलं. पण सांगून झाल्यावर ती खाली बघू लागली, आणि एक वर्ष म्हणजे काय ते लक्ष्मीबाईला त्या खाली गेलेल्या मानेवरून कळलं. ती लेकीजवळ सरकली. तिच्या डोक्यावर हात ठेवावा असं तिला वाटत होतं, पण ठेवला नाही.

"पुन्यांदा चार वाफं उपाशीच लागतील?"

"लागतील, आई."

"मग त्येंची वळ येगळी करा की," लक्ष्मीबाई म्हणाली. "त्या अंगाला, बांधाच्या पल्याड. म्हंजी त्यास्नी दिसायचं न्हाय. त्येंचं त्येंचं येगळं बस..."

ती मधेच थांबली.  धर्मराजांनी तिच्याकडे बघितलं. ती स्वतःच्याच हातांकडे बघत होती, जणू ते शब्द तिथून निघाले होते.

"न्हाय," ती म्हणाली. "एकाच वळीत ऱ्हाऊ द्यात. येगळं नगं. मी तिकडं येनार न्हाय."

"मोजून झालं की पहिल्यांदा त्यांनाच घालू, आई," अक्षरा घाईनं म्हणाली.

"भुईमूग उपटल्यावर? मग कुणाला घालतीस?"

 चहा निवून गेला होता.  लक्ष्मीबाईनंच उत्तर दिलं, तेही स्वतःला दिल्यासारखं.

"माती तर ऱ्हाती न्हवं. मातीला घालू."

मॅडम निघताना धर्मराजांना म्हणाल्या, "रजिस्टर दुरुस्त करून ठेवा सर. जे झालं ते लिहा." त्यांना 'सर' म्हणून गेल्या, हे धर्मराजांच्या नंतर लक्षात आलं.

मग त्यांनी रजिस्टर उघडलं. एकतीस वर्षांत त्यांनी दुरुस्तीचा नियम कधी मोडला नव्हता. खोडायचं नाही, पांढरं लावायचं नाही, चुकीवर एक सरळ रेघ मारायची, वर खरं लिहायचं आणि काम ज्यानं केलं त्याची सही घ्यायची. पाच नोंदींत 'काही नाही'वर त्यांनी पट्टी धरून रेघ मारली. 

"हितं सही कर," त्यांनी लक्ष्मीबाईला सांगितलं. ती सही करायला विडी कामगार बायकांच्या संघटनेत शिकली होती. वळत वळत, जिभेचं टोक बाहेर काढून, तिनं पाच ठिकाणी सही केली. दोन ठिकाणी ती चौकटीच्या बाहेर गेली. धर्मराजांनी चालवून घेतलं.

"वर काय लिवलंय?" तिनं विचारलं.

धर्मराजांनी चष्मा लावला आणि वाचलं. "पांढरे वाफे : कुजलेल्या खताचं पाणी, प्रत्येकी दोन तांबे. देणार, लक्ष्मीबाई धर्मराज कांबळे."

"पुन्यांदा वाचा."

त्यांनी पुन्हा वाचलं. आत अक्षरा पुढच्या हंगामाच्या वाफ्यांचं चित्र काढत होती, आणि आठही वाफे तिनं एकाच ओळीत काढले होते.